रावसाचा काटा

"सूनबाई, काय लिवलंय ते बघितल्याबिगर अंगठा द्यायचा न्हाय," असं माझे सासरे कोंडिबा मला म्हणाले होते, तेव्हा मी हसले होते. मामांनी पस्तीस वर्षं मार्केटात पाठीवर गोणी वाहिल्या. तरुणपणी साताऱ्याकडच्या गावात एका कागदावर त्यांनी न वाचता अंगठा उठवला आणि विहिरीतला हिस्सा चुलतभावाच्या नावे गेला. मी त्यांना समजावलं, की मामा, तो अंगठा वेगळा. हा नुसता मोबाईलवरचा, ह्याला काही अर्थ नसतो. मी एम.कॉम. आहे हेही त्या ओघात सांगितलं असणार, कारण मी ते सगळ्यांनाच सांगते.

मी निष्काळजी नाही हो. सानपाड्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारा. माझा मुलगा यशराज दीड वर्षाचा आहे. घरातल्या प्रत्येक प्लगला मी चिकटपट्टी लावली आहे, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज बांधलाय, आणि त्याच्या तोंडात जाणारा माशाचा प्रत्येक घास दोन बोटांत चुरून बघते. पण एका कडेवर तो असला की दुसऱ्या हाताला जेवढं जमतं तेवढंच जमतं. 'बी विंग कुटुंब' ह्या ग्रुपवर पाणी बंद, लिफ्ट बंद, कुणाचं तरी पार्सल आलंय, असे दिवसाला साठ मेसेज येतात. मी सगळ्यांना अंगठा देते. त्याचा अर्थ एवढाच, की पोचलं, आता मला सोडा.

सगुणामावशीही त्या ग्रुपवर होती. दिवाळे गावची कोळीण, साठीची, डोक्यावर मासळीची टोपली घेऊन रविवारी यायची. लिहिता-वाचता येत नाही, म्हणून बोलून मेसेज टाकायची आणि आम्ही खाली ऑर्डरी लिहायचो. एकदा यशराजच्या घासात काटा राहिला होता. मी बोट घालून काढला, पण त्या दिवसापासून मासे म्हटलं की मला आधी काटाच दिसतो. शुक्रवारी ती मागचे पैसे न्यायला दारात आली तेव्हा मी तिला बजावलं, की मावशी, ह्या खेपेला रावसच आण, आणि काटा तूच काढून दे. ती म्हणाली, बघतंय.

त्याच आठवड्यात चेअरमननी नोटीस लावली, की मासळीच्या टोपल्या लिफ्टमधून नेऊ नयेत. चेअरमन म्हणजे हौसेराव, कांदा-बटाट्याचे निवृत्त व्यापारी. त्यांना सगळे रावसाहेब म्हणतात, आणि कुणी म्हणालं नाही तर ते स्वतः आठवण करून देतात. मासे त्यांनाही आवडतात, नावडतो तो फक्त वास, आणि तोही लिफ्टमधला. मग मावशी सहा मजले चढणार, आणि तिचे गुडघे तर आधीच कुरकुरणारे. ग्रुपवर बायका भडकल्या. 'ह्या माणसाचं काहीतरी केलं पाहिजे' असं कुणीतरी लिहिलंसुद्धा. त्या ग्रुपचे अॅडमिन हौसेरावच आहेत, हे लिहिणारीच्या लक्षात राहिलं नाही.

शनिवारी दुपारी मावशीचा आवाजी मेसेज आला, अकरा सेकंदांचा. यशराजचा नुकताच डोळा लागला होता. मी ऐकला नाही, अंगठा दिला. माझ्यासारखे चौदा अंगठे पडले.

रविवारी टोपलीतल्या बर्फाचं पाणी जिन्यात ठिबकलं. टोपली लिफ्टमधून तर गेली नाही ना, हे तपासायला हौसेराव स्वतः जिन्याने उतरत होते. दुसऱ्या मजल्यावर घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. लिफ्टची नोटीस नसती तर पाणी लिफ्टमध्ये ठिबकलं असतं, पण हा विचार हॉस्पिटलच्या पलंगावर सुचत नसावा. त्यांना दुसराच विचार सुचला. त्यांनी पोलिसांच्या हातात फोन ठेवला आणि तो मेसेज वाजवून दाखवला.

मावशीने म्हटलं होतं, "रयवारी रावसाचा काटा कारून देतंय. तुमी टेन्शन घेव नुको."

चौकीत ते असं टाइप झालं: 'रविवारी रावसाहेबाचा काटा काढून देते. तुम्ही टेन्शन घेऊ नका.' काटा काढणे म्हणजे जीवे मारणे, हे प्रत्येक मराठी पोलिसाला ठाऊक. 'काढून देते' म्हणजे दुसऱ्या कुणासाठी तरी, म्हणजे सुपारी. आणि खाली चौदा जणांची संमती, अंगठ्यासह. सोमवारी मावशीला नेलं. टोपली जप्त झाली, मासे कापायचा सुरा जप्त झाला, तिचा फोनही जप्त झाला. खुनाचा प्रयत्न आणि कट.

तिसऱ्या मजल्यावरची नमिता वकील आहे. तिने मला सोप्या भाषेत सांगितलं, की एकट्या माणसाला कट करता येत नाही. किमान दोन मनं जुळावी लागतात. कागदावर कुणी लिहून देत नाही, म्हणून कोर्ट आजूबाजूच्या गोष्टींवरून ताडतं: कोण कुणाला भेटलं, काय बोललं, नंतर काय घडलं. "त्यामुळे मावशी एकटी असून उपयोग नाही," नमिता म्हणाली. "त्यांना आता दुसरं मन पाहिजे."

दुसरं मन म्हणून त्यांनी माझं निवडलं, कारण शुक्रवारी मावशी माझ्या दारात दहा मिनिटं उभी असल्याचं कॅमेऱ्यात दिसत होतं.

बाईमाणूस म्हणून मला चौकीत बोलावलं नाही, अधिकारीच घरी आले. उदयसिंह त्यांचं नाव, गाव साताऱ्याकडचंच. मामांनी त्यांची वाडी, भावकी, पाहुणे सगळं विचारून घेतलं, चहा झाला, आणि मग त्यांनी विषय काढला. कट हा गुपचूपच होतो, ते म्हणाले, त्यामुळे थेट पुरावा मिळत नसतो. मी विचारलं, की इथे काय पुरावा आहे. ते म्हणाले, तेच तर, काहीच नाही, म्हणजे किती गुपचूप केलंय बघा.

मी म्हटलं, रावस हा मासा आहे.

"ताई, आमच्याकडं रविवारी मटण असतं," ते म्हणाले. "रावस-बिवस आम्हाला सांगू नका."

मग समजुतीच्या सुरात त्यांनी दोन रस्ते दाखवले. मी म्हणायचं, की मेसेज ऐकला, रावसाहेब असंच ऐकू आलं, आणि भीतीपोटी अंगठा दिला. मग मी साक्षीदार. नाहीतर अंगठा आहेच, आणि मग मी आरोपी नंबर दोन. असं म्हणून त्यांनी यशराजच्या गालाला हात लावला. मी विचार करून सांगते म्हटलं.

खरं काय ते मला त्याच क्षणी माहीत होतं. तरी मी दोन दिवस घेतले. यशराजला सोडून जावं लागेल ही भीती होतीच. पण दुसरी गोष्ट लिहायला जास्त जड जातेय. मी मेसेज ऐकलाच नाही, हे सांगायची मला लाज वाटत होती. घरात लग्न झाल्यापासून अंगठेबहाद्दर म्हणून मामांची चेष्टा करायची, आणि पोलिसांपुढे कबूल करायचं की मीही तीच. ते दोन दिवस मी लाजेला दिले, आणि त्या दोन दिवसांत मावशी कोठडीतल्या फरशीवर होती.

बुधवारी उदयसिंह परत आले. मी सांगितलं, की मी ऐकलं नाही.

"न ऐकता अंगठा देतं का कुणी?"

मी फोन पुढे केला. त्याच शनिवारी, मावशीच्या मेसेजच्या एक मिनिट आधी, ग्रुपवर एक बातमी होती: पाचव्या मजल्यावरचे शिवरामकाका सकाळी वारले. खाली माझा अंगठा. त्याच्या वर, पाणी दोन दिवस येणार नाही, अंगठा. कुणाची सोन्याची कुडी हरवली, अंगठा.

उदयसिंह बराच वेळ वर सरकवत राहिले. मामा कोपऱ्यातून म्हणाले, "आमच्या विहिरीच्या वक्ताला न्हवता असा पुरावा."

मी आणखी एक दाखवलं. मावशीच्या मेसेजखालच्या चौदा अंगठ्यांत एक हौसेरावांचा होता. त्यांनीही अर्धा किलो रावस सांगितला होता. म्हणजे स्वतःचा काटा काढायला त्यांनी स्वतःच संमती दिली होती.

"ते फिर्यादी आहेत," उदयसिंह म्हणाले. "त्यांचा अंगठा वेगळा."

पोलिसांपुढच्या जबाबावर सही घेत नाहीत. मी तरी वाचायला मागितला. 'अंगठा देऊन सहमती दर्शवली' असं लिहिलं होतं. मी तीनदा खोडायला लावलं. रावसची फोड कंसात 'मासा' अशी करून घेतली. ते कागद आणि शिवरामकाकांच्या मृत्यूवरचा माझा अंगठा नमिताने कोर्टापुढे ठेवला, आणि शुक्रवारी मावशीला जामीन मिळाला. शिवरामकाकांच्या पत्नी सत्यभामाकाकूंनी मात्र अजून माझ्याशी बोलणं सुरू केलेलं नाही. त्यांचं बरोबर आहे.

केस चालूच आहे. जामिनाची अट अशी, की मावशीने सोसायटीत पाऊल ठेवायचं नाही आणि साक्षीदारांना भेटायचं नाही. साक्षीदार म्हणजे मी, कारण जबाब माझा आहे. आपणहून मी गेले तर? नमिता म्हणाली, वेडी आहेस का, दोघी भेटलात की मनं जुळली म्हणतील. मावशीचा फोन पोलिसांकडे, तिला वाचता येत नाही म्हणून चिठ्ठीचा उपयोग नाही. ग्रुपवरून तिला हौसेरावांनी काढून टाकलं, आणि त्या सूचनेखाली बारा अंगठे पडले. माझा नाही. दोन रविवार झाले, तिच्या शेजारच्या बायका मासळीबाजारात येतात, ती तिथेही येत नाही. विचारलं तर म्हणतात, बाहेरच निघत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतेय. तुम्ही आमच्या ग्रुपवर नाही, तुमचं मन कुणाशी जुळल्याची नोंद नाही. बेलापूरच्या बाजूला गेलात तर दिवाळे गावात सगुणामावशीचं घर विचारा, जेट्टीकडे जाताना डाव्या हाताला, दाराला निळा रंग आहे. ती जेवते का बघा. गुडघे कसे आहेत, कोणी तिला नवी टोपली आणून दिली का, ते बघा. माझं नाव सांगू नका. आणि बघून आलात की मला अंगठा पाठवू नका, काय दिसलं ते सगळं लिहा. मी वाचेन.