आप्पांचा निळा चौकोन

तक्रार खिडकीमागच्या टेबलाभोवती अठरा माणसं उभी होती आणि पाच मिनिटांत कोणी साधं खाकरलंसुद्धा नव्हतं. आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात इतकी शांतता तपासणीला वरचे अधिकारी येतात तेव्हाही नसते. मधोमध खुर्चीवर वायरबाबा बसले होते. डोळे मिटलेले, आणि कॉम्प्युटरमागून आलेली नेटवर्कची वायर दोन बोटांत, वैद्य नाडी धरतो तशी.

"यंत्र दुखावलंय," बाबा म्हणाले. "आत कोणीतरी आहे. जायला तयार आहे, पण मुहूर्तावर जाणार."

"कोण आहे?" हेडक्लार्कने इतक्या हळू विचारलं, की जणू आतल्याला ऐकू गेलं तर राग येईल.

"तुम्हाला ठाऊक आहे कोण ते."

ठाऊक होतंच. पडद्यावर एक निळा चौकोन होता आणि त्यात लिहिलं होतं, 'नमस्कार. बसा. सावकाश सांगा.' हे शब्द आप्पांचे. आप्पांनी तीस वर्षं त्या टेबलावर लोकांच्या तक्रारी उतरवून घेतल्या. कॉम्प्युटर आले तेव्हा तक्रार नोंदवायचा पहिला प्रोग्राम त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाला आणि त्याच्या तोंडावर त्यांनी स्वतःचं रोजचं वाक्य घालून घेतलं. पुढे ते निवृत्त झाले आणि चार महिन्यांत गेले. मग नवा प्रोग्राम आला, जुना सगळ्या बावीस कॉम्प्युटरांवरून काढला. एकवीस ठिकाणचा गेला. आप्पांच्या टेबलावरचा मात्र काढावा तितक्या वेळा परत यायचा आणि तो आला की नवा अडकून बसायचा.

"कोणी कशालाही हात लावू नका," बाबा म्हणाले. "अकरा वाजून दहा मिनिटं."

आम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो. अकरा दहाला निळा चौकोन थरथरला आणि मिटला. कीबोर्डला कोणाचं बोट लागलं नव्हतं. हेडक्लार्कने टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्याला हात जोडले. मोठ्या साहेबांनी जोडले नाहीत, पण चष्मा काढून पुसला, आणि आमच्याकडे त्याचा अर्थ तोच होतो.

"आता अकरा दिवस यंत्र अखंड तेवत ठेवायचं. विझू द्यायचं नाही," बाबा उठता उठता म्हणाले. "आणि ज्या हाताने ते विझतं, तो हात इथून लांब ठेवा."

सगळे चिमणीकडे बघू लागले.

चिमणी म्हणजे आप्पांच्या जागी आलेली मुलगी. मुलगी म्हणायचं, तशी बत्तीस वर्षांची आहे. अंगाने एवढीशी आणि कामाला भरभर, म्हणून चिमणी. ती रोज सहाला कॉम्प्युटर बंद करून जायची. पहिल्या खेपेलाही बाबांनी अखंड ठेवायला सांगितलं होतं. तिने चार दिवस पाळलं आणि पाचव्या दिवशी सवयीने हात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा हजर.

साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मी नोंदींच्या फायली घेऊन आतच होते.

"तुझा दोष आहे असं मी म्हणत नाही," साहेब म्हणाले. माणूस असं म्हणतो तेव्हा पुढे काय येणार ते कळतंच. "पण सोमवारपासून तू तळघरात रेकॉर्डला बस. दुपारी बारा ते रात्री आठ."

"साहेब, आईजवळची बाई साडेसहाला जाते. आईला कूस बदलता येत नाही."

"बघ काहीतरी सोय."

"सोय झाली असती तर बोलले असते का? मला नोकरी सोडावी लागेल."

साहेबांनी पुन्हा चष्मा पुसला. वाईट माणूस नाही. घाबरलेला माणूस आणि वाईट माणूस ह्यांच्या सह्या कागदावर सारख्याच दिसतात, एवढंच.

वायरबाबांबद्दल सांगायचं राहिलं. मुळात हा बाबा वगैरे काही नव्हता. नवा प्रोग्राम बसवायला आलेला साधा माणूस, खांद्याला बॅग आणि खिशात पेचकस. पहिल्यांदा निळा चौकोन परत आला तेव्हा हेडक्लार्क त्याला थट्टेत म्हणाला, "आत आमचे आप्पा तर नाहीत ना?" त्याने 'नाही' म्हणायला जरा उशीर केला. त्या उशिरात आम्ही त्याला बाबा केलं. कोणी चहा आणला, कोणी खुर्ची पुसली. पुढच्या खेपेला तो डोळे मिटूनच बसला.

त्या संध्याकाळी मी घरी हे सगळं सांगितलं. माझ्या वन्सं, म्हणजे नणंद, चौथीच्या वर्गाला शिकवतात. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही आणि ते त्या मोकळेपणाने सांगतात.

वह्या तपासता तपासता त्यांनी विचारलं, "वहिनी, चिमणी बंद करते म्हणता. मग बाकीचे काय करतात?"

"बाकीचेही बंद करतात की, वन्सं."

"कसं?"

"बटण दाबून."

"कुठलं बटण?"

मी रोजच्यासारखा हात पुढे करून दाखवला, आणि तेव्हा कळलं. बटण पडद्याचं. आमच्याकडे सगळे जाताना पडद्याचं बटण दाबतात, पडदा काळा होतो आणि कॉम्प्युटर बंद झाला असं समजून घरी जातात. खालचा डबा रात्रभर घुमत असतो. वीज गेली तरी बॅटरीवर चालू राहतो. पुस्तकं वाचून वाचून मी कॉम्प्युटर शिकले, ह्याचा मला केवढा अभिमान, पण मीही नऊ वर्षं तेच करत होते. नीट शटडाउन करणारी बावीसमध्ये एकटी चिमणी.

"म्हणजे तिच्यात आणि तुमच्यात दोन फरक आहेत," वन्सं म्हणाल्या. "एक, तिचं टेबल आप्पांचं. दोन, तिचं यंत्र खरोखर बंद होतं. ह्यातला कुठला फरक नडतो ते पाहिलं का कोणी?"

"नाही."

"माझ्या वर्गातल्या पोरांनी पाहिलं असतं."

शुक्रवारी वन्सं कार्यालयात आल्या. निमित्त खरंच होतं, शाळेच्या नळाला आठ दिवस पाणी नव्हतं. तक्रार लिहून झाल्यावर त्या थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या, मी मागोमाग.

"साहेब, एक विनंती. आज जाताना तुमचा कॉम्प्युटर पुरता बंद करून जा. वहिनी दाखवतील कसा."

"माझा? माझ्या कॉम्प्युटरला काही झालेलं नाही, बाई."

"म्हणूनच. तुमचा हात चांगला, तुमचं टेबल चांगलं. सोमवारी काही आलं नाही तर ती मुलगी तळघरात जाईल, मी काही बोलणार नाही."

"आणि आलं तर?"

"तर तिचा हात आणि तुमचा हात सारखाच, एवढं तरी ठरेल."

सहा वाजता मी सांगितलं तसं त्यांनी शटडाउन केलं. डब्याचा आवाज थांबला तशी खोली रिकामी वाटली.

सोमवारी वायरबाबा टेबलाची शुद्धी करायला येणार होते, शिवाय साहेबांची सही झाली की वर्षभराच्या देखभालीचं काम त्यांनाच. चिमणी आपला पाण्याचा पेला आणि आईच्या औषधांची यादी पिशवीत भरून उभी होती. साहेबांनी कॉम्प्युटर सुरू केला. आम्ही आणि बाबा दारात.

दोन मिनिटांनी निळा चौकोन उमलला. 'नमस्कार. बसा. सावकाश सांगा.'

साहेब उभे राहिले. भीतीने नाही. आप्पा त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे होते आणि त्यांच्यासमोर बसून राहायची सवयच नव्हती.

बाबांचा चेहरा क्षणभर उतरला, पण सावरला. "आत्मा हलला," ते म्हणाले. "टेबल सोडून वरच्या खुर्चीकडे आला. मोठं प्रकरण आहे. मी मुख्य यंत्राच्या खोलीत जाऊन त्याच्याशी बोलतो. अकरा दहाला जाईल."

ते आत गेले तशा वन्सं माझ्याकडे वळल्या. शाळेची सकाळची सुटी काढून आल्या होत्या. "आणखी दोन यंत्रं बंद करून चालू करा. कुठलीही."

"माझं नको," हेडक्लार्क म्हणाला.

"तुमचंच करू," चिमणी म्हणाली. इतक्या दिवसांत तिचा आवाज पहिल्यांदा सगळ्यांसमोर ऐकू आला.

हेडक्लार्कचं रीस्टार्ट केलं, माझं केलं. दोन्हीकडे आप्पांनी नमस्कार केला. आत्मा एकाच वेळी तीन टेबलांवर बसून तक्रारी घ्यायला लागला होता, आणि जिवंतपणी आप्पांनी एवढं काम कधी केलं नव्हतं, असं शिपायाने बोलून दाखवलं. पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

बाबा बाहेर आल्यावर मी मुख्य यंत्राच्या, म्हणजे सगळ्या बावीस कॉम्प्युटरांना हुकूम देणाऱ्या यंत्राच्या, खोलीत गेले. चावी माझ्याकडेच असते. मॅन्युअल मी कधीच वाचून ठेवलं होतं, उघडून बघायचं धैर्य तेवढं नव्हतं, कारण ती बाबांची खोली असं मीही मनातून मानलं होतं. साहेब, वन्सं, चिमणी माझ्या मागे उभी.

पडद्यावर दोन याद्या होत्या. एक 'काढा' ह्या हुकमांची, एक 'बसवा' ह्या हुकमांची.

"हे बघा," मी म्हटलं. "जुना प्रोग्राम बावीस यंत्रांवरून काढा, हा हुकूम दिला गेला. तो पाळला गेला. आणि हा दुसऱ्या यादीतला, सहा वर्षांपूर्वीचा. कुठलंही यंत्र सुरू होताना जुना प्रोग्राम आहे का बघा, नसला तर बसवा. हा कोणी रद्दच केला नाही. आप्पांनी सांगून घालून घेतला होता, नव्या यंत्रावर कोणाला हाताने बसवत बसायला नको म्हणून."

"म्हणजे सुरू केलं की येतो?" साहेबांनी विचारलं.

"बंद करून सुरू केलं की. आपण कोणी बंदच करत नव्हतो. ही एकटी करायची."

साहेब चिमणीकडे बघायचं टाळत होते. वन्संनी पडद्यावर बोट ठेवलं. "आणि ही ओळ काय म्हणते?"

मी वाचली. साहेबांच्या, हेडक्लार्कच्या आणि माझ्या यंत्रावरून जुना प्रोग्राम काढा, वेळ अकरा दहा. हुकूम दिल्याची वेळ आज दहा एकोणचाळीस, म्हणजे तिन्ही यंत्रांवर तो आल्याचं बाबांना इथे पडद्यावर दिसल्यावरची. त्याच्याच वर गेल्या गुरुवारची ओळ होती, आप्पांच्या टेबलासाठी. तीही अकरा दहाचीच.

बाबा दारात उभे होते. वायर नसलेले त्यांचे हात काय करावं ते न कळून खिशात गेले.

"दुसरी यादी तुम्हाला दिसली नव्हती?" साहेबांनी विचारलं.

"दिसली होती."

"मग?"

"ती पुसली असती तर मला परत कोणी बोलावलं असतं, साहेब? चौदा वर्षं दुरुस्ती करतोय. खुर्ची पहिल्यांदा तुम्ही पुसून दिलीत."

मी 'बसवा'च्या यादीतली ती ओळ रद्द केली. अकरा दहाला तिन्ही यंत्रांवरचा निळा चौकोन गेला. मग बावीसच्या बावीस यंत्रं बंद करून सुरू केली. कुठेच परत आला नाही. देखभालीच्या कागदावर साहेबांनी सही केली नाही. बदलीचा कागद त्यांनी चिमणीसमोर फाडला आणि "चूक झाली" हे दोन शब्द म्हणाले. ते म्हणताना त्यांनी चष्म्याला हात लावला नाही, हे मी मुद्दाम लिहिते.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. आमच्याकडे शिकलेली अठरा माणसं होती. गेलेला माणूस डब्यात येऊन बसला, हे आम्हाला आठवड्यात पटलं, आणि समोर उभी बाई म्हणत होती की माझी आई एकटी आहे, ते कोणाला ऐकू आलं नाही. चमत्कार असा कोणाच्या तरी पोटावर पाय देऊनच उभा असतो. तेव्हा पुढच्या वेळी कोणी डोळे मिटून वायर धरली तर आपले उघडे ठेवा. विचारा की बाकीच्यांकडे काय होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा. त्यासाठी कॉम्प्युटर यावा लागत नाही, चौथीच्या वर्गात बसलेलं असलं तरी पुरे.

त्या सोमवारी चिमणीने खिडकीवर एकवीस तक्रारी नोंदवल्या, शाळेच्या नळासाठी माणूस पाठवला, आणि साडेसहाच्या आत ती आईजवळ पोचली.