हसतमुखाने उत्तर द्या

प्यो मिरानचा अभ्यासक्रम सासवांना फार आवडला. तिथंच खरं तर माशी शिंकली होती, पण तेव्हा कोणाला ऐकू आली नाही.

तालुका कोरियाच्या डोंगरातला, पर्सिमन या गोड केशरी फळाच्या बागांचा. गावातल्या मुली केव्हाच सोलला पळाल्या, मागे राहिले ते बागा राखणारे, लग्नाचं वय उलटलेले मुलगे आणि त्यांच्या लग्नाच्या काळजीने वाळलेल्या आया. मग व्हिएतनामहून सुना आल्या. आल्या खऱ्या, पण सासू एक बोलणार, सून दुसरंच समजणार, आणि मधल्या मध्ये नवऱ्याचं भरीत. तालुक्याच्या केंद्रात भाषेचे वर्ग होते. तिथं विमानतळ, ग्रंथालय असले शब्द शिकवायचे. ज्या बाईला दिवसभर बागेत नाहीतर चुलीपुढे राहायचं, तिला विमानतळ घेऊन काय करायचा?

केंद्रात शिकवायला आलेल्या मिरानने ते पुस्तक मोडीत काढलं. "शेवटापासून सुरुवात करायची," ती म्हणायची. शिकून झालेली बाई घरात काय बोलताना दिसायला हवी ते आधी ठरवायचं, ते आलं की नाही हे तपासायचं कसं ते मग, आणि धडे सगळ्यात शेवटी. हिशेब चोख होता. ती घरोघर फिरली, ओट्यांवर बसली, लोणच्याच्या कोबीला मसाला चोळता चोळता विचारत राहिली की काय शिकवू? फक्त विचारलं ते सासवांना. सुनांना विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. भाषाच येत नाही त्यांना काय विचारायचं? शहाणी बाई, पण शहाण्यांचीच दांडी अशी उडते.

सासवांनी भरभरून सांगितलं. "आई म्हणून हाक मारावी." "तोंड पाडून बसू नये." "काय इचारलं तर हसून बोलावं, घरात रडगाणं नगं." या सगळ्याचा अर्क काढून मिरानने एक शब्द उचलला. केन्चानायो. त्या मुलखात हा शब्द मिठासारखा आहे, त्याच्याशिवाय कशालाच चव नाही. आणखी भात वाढू? केन्चानायो, म्हणजे नको. चुकून धक्का लागला हो! केन्चानायो, म्हणजे असू दे. दमलीस का? केन्चानायो, म्हणजे दमलेय, पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तिथली जन्मजात माणसं हा शब्द कानाने ऐकतात आणि चेहऱ्याकडे बघून ठरवतात की खरा धरायचा का नाही. हे कोणी कोणाला शिकवत नाही, म्हणून मिराननेही शिकवलं नाही. उलट धड्याचं नावच तिने ठेवलं, 'हसतमुखाने उत्तर द्या.'

परीक्षा तर धमाल असायची. मिरान कमरेला फडकं बांधून सासू व्हायची, लटपटत चालत यायची आणि विद्यार्थिनीच्या पायावर खरोखरीचा पाय द्यायची. "अगं बाई! लागलं का ग?" वर्ग हसून लोळायचा. जिने न कळवळता हसून "केन्चानायो, आई" म्हटलं, तिला पैकीच्या पैकी.

थोआ त्यात पहिली आली. मेकाँगकडची पोर, अंगाने काटकुळी, पण शब्द एकदा ऐकला की गिळून टाकणारी. परीक्षेच्या दिवशी मिरानचा पाय जरा जास्तच जोरात पडला. पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण हसू जागचं हललं नाही. वर्गाने टाळ्या वाजवल्या, मिरानने तिला जवळ घेतलं, तर मध्ये पोट आलं. थोआला दिवस होते. मिरानला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. त्या दिवसापासून थोआच्या बाळाची वाट ती घरच्यासारखी पाहू लागली.

पुढे प्रांताच्या कचेरीतून विचारणा झाली. अभ्यासक्रम चांगला दिसतोय, सगळ्या तालुक्यांत नेऊ या का? दुसरी असती तर पेढे वाटून मोकळी झाली असती. मिरान म्हणाली, थांबा. परीक्षेचे गुण म्हणजे नुसतं वाढलेलं ताट, अंगी काय लागलं ते घरी जाऊन बघावं लागतं. आणि पहिलं घर तिने अर्थातच थोआचं निवडलं. बाळंतिणीच्या सूपासाठी समुद्रशेवाळाची लांबलचक जुडी घेतली. ती मोडायची नसते, बाळंतपण अडतं म्हणतात. वर्ग संपल्यापासून थोआची गाठ पडली नव्हती, आता बाळंतपण उरकलेलं असणार, तरी तिने ती बसमध्ये आडवी मांडीवर धरून नेली, लोकांच्या शिव्या खात.

अंगणात थोआची सासू पर्सिमन सोलत बसली होती. माहेर हादोंगचं, म्हणून गाव तिला हादोंगवाली म्हणायचं. खरं नाव तिलाही आठवत असेल की नाही कोण जाणे. दोरीवर फडकी वाळत होती ती मोठ्यांची. दुपट्याएवढं काही नव्हतं.

"या बाई, या!" हादोंगवाली म्हणाली. "तुमच्या शाळंनं सोनं केलं बघा पोरीचं. लई गुणाची. कधी उलटून शब्द न्हाई."

"आणि बाळ? निजलंय का?"

म्हातारीचा चाकू थांबला.

"बाळ न्हाई ऱ्हायलं, बाई."

मिरानने पुन्हा दोरीकडे पाहिलं.

"फळं उतरवायचा दिवस होता," हादोंगवाली सालीकडे बघत सांगू लागली. "सकाळपास्नं ही जरा वाकून चालत हुती. म्या इचारलं, 'काय ग, पोटात दुखतंय का?' तर हसली, म्हनली, केन्चानायो. पोरगा म्हनला, दवाखान्यात जाऊ या. त्येला बी केन्चानायो. दवाखान्यातल्या नर्सबाईचा फोन आला, तिला बी त्येच. म्या तोंडाकडं बगितलं हो, बाई. मला काय कळत न्हाई व्हय? चार बाळंतपणं केली म्या. पन तोंडावर काय बी दिसंना. हसत हुती. मग झाडाखाली बसली ती उठलीच न्हाई. दवाखान्यात नेस्तवर पोरगी पोटातच गेली. मुलगी हुती."

मिरानच्या हातातली जुडी म्हातारीने अलगद काढून घेतली. "द्या हिकडं. सूप तर हिला बी लागतंच. बाळंतीणच हाय ती." आणि मग, दोष द्यायचा म्हणून नव्हे, खरंच कळत नव्हतं म्हणून तिने विचारलं, "बाई, दुखत असलं म्हंजी काय म्हनायचं, त्ये न्हाई का शिकवत तुमच्याकडं?"

मिरान सुनेला शोधत परसाकडे वळली.

थोआ परसात उभी राहून सोललेली फळं वाळवायला दोरीला बांधत होती. बाईंना बघून ती कमरेत वाकली, वर्गात शिकवलं होतं तशी, अगदी तंतोतंत.

"थोआ," मिरान म्हणाली, "दुखत होतं तर सांगायचं ना ग! 'दुखतंय' हा शब्द येत नव्हता का तुला?"

"येत होता, बाई. शरीराच्या धड्यात होता."

"मग?"

थोआने नवलाने बघितलं. "पण विचारलं आईंनी. आईंनी विचारलं की काय म्हणायचं, तो धडा वेगळा होता. तुम्ही पाय दिला होता ना? फार लागलं होतं. मला वाटलं, या देशात दुखलं की असंच म्हणतात, आणि खरं किती दुखतंय ते मोठ्यांना आपोआप कळतं."

मिरान तिच्यापुढे मातीत बसली. तिथंच बसून तिने थोआचे दोन्ही हात धरले. "माझं चुकलं, पोरी. चूक माझी आहे, तुझी नाही. आता ऐक. हसायचं नाही. म्हण, 'आई, दुखतंय.' माझ्यासमोर म्हण. आत्ताच्या आत्ता."

"आता कशाला, बाई? आता पोटात कोणी नाही."

"म्हण ग. तरी म्हण."

बाईंनी सांगितलं म्हणून थोआने मान डोलावली. ती सरळ उभी राहिली, हात सोडवून घेऊन पोटावर जोडले आणि धडा म्हणून दाखवावा तशा स्वच्छ, कोरड्या आवाजात म्हणाली, "आई, दुखतंय."

अंगणात टोपली उलटल्याचा आवाज झाला. हादोंगवाली अनवाणी धावत परसात आली, हाताला पर्सिमनचा चिकट रस, एका हातात चाकू तसाच. तो फेकून तिने सुनेला कवेत धरलं. "कुठं? कुठं दुखतंय ग, माझ्या बाये? पोटात का? आरं ए, गाडी काढ! ऐकू येतंय का, गाडी काढ!"

थोआ तिच्या मिठीत ताठ उभी होती. म्हातारीचे पाय, त्यांना लागलेली माती, रसाने चिकटलेले हात, सगळं ती नीट बघत होती.

"आई," तिने विचारलं, "तेव्हा मी हेच म्हटलं असतं, तरी तुम्ही अशाच आला असता?"

हादोंगवालीला प्रश्न समजायला वेळ लागला. समजला तेव्हा ती जोरजोरात मान हलवत राहिली, हो, हो म्हणून. मग थोआच्या तोंडावरचं हसू गेलं आणि ती मोठ्याने रडू लागली, कोणाच्याही भाषेत नाही. पलीकडे थोआच्या नवऱ्याने गाडी सुरू केल्याचा आवाज येत होता, आणि ती बंद कर म्हणून सांगायला मिरानला उठवत नव्हतं.