वाटून घेतलेल्या गोळ्या

माझी धाकटी जाऊ शर्टांच्या कारखान्यात बाह्या जोडते. तिच्या टेबलावर चौघी बसतात: ती, काजवाली, कॉलरवाली आणि बटणवाली. त्यांचं सगळं वाट्यावर चालतं. डबा चौघींचा, कात्री चौघींची, कुणाकडे डोकेदुखीची गोळी असेल तर तीही मोडून. चौघींचंही ओटीपोट अधूनमधून दुखायचं. दिवसभर बिनपाठीच्या स्टुलावर बसून होतं, असं त्यांचं ठरलेलं. म्हणून त्याचं नावच ‘स्टुलाचं दुखणं’.

धाकटीने ते ताप चढेपर्यंत अंगावर काढलं. मग मी तिला जवळजवळ ओढतच डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांच्याच दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी काम करते. तपासणीत क्लॅमिडिया निघाला. शरीरसंबंधातून येणारा हा संसर्ग गर्भाशयातून वर नळ्यांपर्यंत पोचला होता. बाईंनी इंजेक्शन दिलं, तिच्या दोन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या आणि नवऱ्यासाठी वेगळं पाकीट दिलं. धाकटीला मूल हवं होतं. नळ्या सुजून चिकटल्या तर ते अवघड होईल, हे बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

महिना झाला नाही तोच दुखणं परत आलं. माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तिनं सांगितलं, की सगळ्या गोळ्या चौघींत वाटल्या. नवऱ्याला द्यायची लाज वाटली, तेव्हा त्याचंही पाकीट टेबलावर गेलं.

“एकटीच कशी खाऊ, ताई? तिघी समोर पोट धरून बसल्या होत्या. आणि बरं वाटलं की सगळ्यांना, चार दिवस.”

मला आधी हसू आलं, मग मी गॅस बंद केला. अर्धवट औषधाने जंतू फक्त गप्प बसतात, आणि एकटीने घेतलं तर नवऱ्याकडून परत येतात, हे मी तिला समजावलं. जगभर असंख्य बायका हे बायकांचं नेहमीचंच म्हणून सोडून देतात; कळतं तेव्हा पुष्कळदा नळ्या बंद झालेल्या असतात.

नवऱ्याला काय सांगू, एवढंच तिनं विचारलं. तो तिच्यावर संशय घेईल याची तिला भीती होती. त्याहून मोठी भीती अशी, की तिला त्याच्यावर घ्यावा लागेल. हा जंतू वर्षानुवर्षं मुकाट राहू शकतो आणि कुणाकडून कुणाला आला हे कुठलीच तपासणी सांगत नाही, हे मी तिला सांगितलं. मला ते खरंच माहीत होतं, म्हणून तिचा विश्वास बसला असावा.

त्याच संध्याकाळी तिनं त्याला सांगितलं. तिच्या आग्रहावरून मी तिथेच बसले होते. दिराने टीव्हीचा आवाज बंद केला.

“वहिनी, मला तर काहीच होत नाही.”

“पुरुषांना बहुतेक वेळा होत नाही,” मी म्हणाले.

त्याने रिमोट खाली ठेवला. मग लग्नाआधीचं एक नातं त्याने सांगितलं, मोजक्या शब्दांत, माझ्याकडे न बघता. धाकटी ऐकत होती. मी उठून पाणी आणायला गेले आणि मुद्दाम वेळ लावला. परत आले तेव्हा तो तिला म्हणत होता, “एवढं दुखत होतं आणि मला स्टूल सांगितलंस? मी वेडा, उशी आणून दिली.”

“उशी चांगली आहे,” ती म्हणाली.

दोघांनी नव्याने औषध घेतलं. रविवारच्या बिअरचं त्याने बिचकत विचारलं. त्याच्या गोळ्यांना ती चालते की नाही हे बाईंनाच विचार, म्हणून मी हात झटकले. दोघांचं औषध संपेपर्यंत संबंध नकोत, म्हणून त्याला बाहेरच्या खोलीत झोपायचं होतं. तिघींनाही धाकटीने दवाखान्यात नेलं. काजवालीला आणि बटणवालीला तोच संसर्ग निघाला, कॉलरवालीला मूतखडा. हे त्यांनीच टेबलावर एकमेकींना सांगितलं, तेही वाट्यावरच. नवऱ्यांना गाठायचं काम ज्याच्या त्याच्या बायकोनं केलं.

औषध संपल्यावर बाईंनी धाकटीचं पोट सगळीकडून दाबून पाहिलं. कुठेच दुखलं नाही. नळ्यांची खात्री आज कुणीच देणार नाही, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, पण मुलासाठी प्रयत्न करायला हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं.

दीर बाहेर बाकावर बसला होता. काय म्हणाल्या, त्याने विचारलं.

“अंथरूण आत आण म्हणाल्या,” धाकटी म्हणाली, आणि त्याची वाट न बघता जिना उतरू लागली.