घरात एकूण माणसं किती?

ज्या घरातलं मूल खेळात चमकतं, त्या घरात शनिवार-रविवार उरत नाहीत, फक्त स्पर्धा उरतात. या घरातही तसंच झालं होतं. धाकटी अकरा वर्षांची. तिला सगळे चेंडू म्हणत. टेबल टेनिस इतकं सुंदर खेळायची, की हरणाऱ्या मुलीच्या आईलाही टाळी वाजवायचा मोह व्हावा. दर शुक्रवारी दुपारी आई, बाबा आणि चेंडू दोन बॅगा, एक थर्मास आणि तीन उशा घेऊन कुठल्या तरी गावाला निघायचे, ते रविवारी दिवेलागणीला परतायचे.

थोरली सतरा वर्षांची. ती घरी राहायची.

"तिला अभ्यास असतो," आई लोकांना सांगायची.

"ती समजूतदार आहे," बाबा पुस्ती जोडायचे. हे विशेषण एकदा मुलाला चिकटलं की पुढे त्याला कोणी काही विचारत नाही. मोठी सोय असते.

दार लागलं की थोरली सगळ्या खोल्यांतले दिवे लावायची. एका माणसापुरता स्वयंपाक करायला तिला अजून जमलं नव्हतं, तो उरायचाच. शनिवारी आईचा फोन यायचा. कुलूप लावलंस का, गॅस बंद केलास का, खिडकी ओढून घेतलीस का, अशी घराची कसून चौकशी व्हायची. शेवटी "तू जेवलीस ना?" हा प्रश्न यायचा आणि नेमकं तेव्हाच मागे चेंडूचं नाव पुकारलं जायचं. उत्तर फोनमध्येच राहायचं.

बाबा विमा कचेरीत अर्ज तपासायचे. आडनावाची वेलांटी चुकली म्हणून त्यांनी भल्याभल्यांचे अर्ज परत पाठवले होते. मात्र दिवसभर वाचून वाचून इतका वीट यायचा, की घरी आल्यावर छापील कागद दिसला की ते न वाचता सही ठोकायचे. चेंडूच्या स्पर्धांचे अर्ज आठवड्याला पाच-सहा असायचेच. 'राहण्याची सोय : एकूण व्यक्ती' या रकान्यात तर त्यांचा हात आपोआप 'तीन' लिहायचा.

एका गुरुवारी संध्याकाळी ते असेच सह्या करत बसले असताना जनगणनेच्या बाई आल्या. मूळच्या शाळामास्तरीण, निवृत्तीला आलेल्या, जिने चढून दमलेल्या. खुर्चीत टेकल्या आणि वही उघडली.

"घरात एकूण माणसं किती?"

"तीन," बाबा म्हणाले. मानही वर केली नाही.

थोरली तेव्हा बाईंसमोर पाण्याचा पेला धरून उभी होती.

बाईंनी पेला घेतला, सावकाश रिकामा केला. "छान गार आहे हो पाणी. कोणी आणलं?"

"आमच्या थोरलीनं."

"बरं. आणि ती कुठे राहते?"

स्वयंपाकघरातून आई धावत आली. "अहो, काय बोलताय! चार लिहा बाई, चार! यांना फॉर्म भरायची सवय..."

"तीनच लिहा," थोरली म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "पुढच्या महिन्यापासून मी वसतिगृहात राहणार आहे. बाबांनी आत्ताच सही केली."

"मी? कधी?"

"मघाशी. वरून चौथा कागद."

बाबांनी गठ्ठा उपसला. सही होती! त्यांचीच, ठसठशीत! वर 'वसतिगृहात राहण्याचे कारण' या रकान्यात थोरलीच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं : 'जेवताना सोबत मिळेल.'

"अगं, कॉलेज दहा मिनिटांवर आहे!" आई म्हणाली.

"माहीत आहे. पण तिथे एका पंगतीला साठजणी असतात."

बाबा उसळले. "म्हणजे आम्ही काय मजा मारायला जातो? धाकटीच्या अंगात खेळाचे गुण आहेत. ते वाया घालवू?"

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या. दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या चेंडूकडे वळून त्यांनी विचारलं, "काय गं, काय शिकलीस खेळातून?"

"हरल्यावर हात मिळवायचा. रडायचं नंतर, बॅग भरताना."

"बघा! हे मला वर्गात वर्षभर घसा फोडून शिकवता येत नाही. खेळू द्या तिला. पण दोघं कशाला जाता?"

"प्रोत्साहन द्यायला!"

"आई ओरडते 'पाय हलव'," चेंडूने खुलासा केला, "आणि बाबा ओरडतात 'पाय हलवू नकोस'. मग मी मध्येच अडकते."

बाई हसल्या, मग वहीकडे बघत राहिल्या. "माझा मुलगा पोहायचा. आठ वर्षं मी तलावाच्या काठावर बसले. त्याच्याबद्दल तक्रार नाही, सोनं झालं पोराचं. त्याची बहीण मात्र शेजारणीकडे वाढली. आता फोन केला की म्हणते, 'काही काम होतं का, आई?' वाईट वागत नाही हो. समजूतदार आहे."

बाईंनी पेन उचललं.

"मग काय लिहू?" बाईंनी थोरलीला विचारलं.

"आज आहे मी इथे," ती म्हणाली. "चार लिहा."

त्या शुक्रवारी आई आणि चेंडू दोघीच गेल्या. बाबा राहिले. शनिवारी दुपारपर्यंत दोन माणसं दोन खोल्यांत बसून होती. जेवताना बाबांनी विचारलं, "अभ्यास?"

"बरा."

संभाषण संपलं. चेंडूशी बोलायला गुण असायचे, पुढची फेरी असायची. हिच्याशी काय बोलायचं? बाबा उठले, मोठ्या उत्साहाने म्हणाले, "चहा टाकतो. साखर किती?"

"मी चहा सोडून दोन वर्षं झाली, बाबा."

बाबा तसेच पातेलं हातात धरून उभे राहिले. मग ते खाली ठेवून तिच्या समोर नाही, शेजारी येऊन बसले.

"मला काहीच माहीत नाही गं तुझं," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग."

ती हळूहळू बोलू लागली. बाकावरची मैत्रीण गाव सोडून गेली ते, शनिवारी फ्रिज मध्येच घुरघुरतो आणि कोणी आलं असं वाटतं ते. बाबा ऐकत होते. भरल्या घरात आपली पोर इतकी एकटी होती! अर्जातली वेलांटी शोधणाऱ्या माणसाला हे दिसलं नव्हतं!

"तो कागद फाडू?" त्यांनी विचारलं.

"नको. असू द्या."

सोमवारी सकाळी, मुदत संपायच्या दिवशी, तिनेच त्यावर आडवी रेघ मारली. "या वर्षी नाही," ती म्हणाली. "पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू." बाबांना त्यातली ताकीद कळली. तेव्हापासून आई आणि बाबा पाळीपाळीने घरी राहतात, आणि महिन्यातली एक स्पर्धा चेंडू आनंदाने सोडते.

तर मंडळी, मुलांना जरूर खेळवा. मैदान जे देतं ते दुसरीकडे मिळत नाही. पण एका मुलाच्या मागे धावताना दुसरं मूल गप्प आहे म्हणून ते सुखात आहे असं समजू नका. जे काहीच मागत नाही, त्याच्याजवळ आधी जाऊन बसा. स्पर्धा हुकली तर पुढच्या महिन्यात दुसरी भरते. सतरावं वर्ष पुन्हा भरत नाही.