पिकलेला कान

कारखान्यात त्याला सगळे कानसेन म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तो ते कौतुक समजून घेई. कारखाना महागड्या हेडफोनचा होता. इतक्या महागड्या, की ते विकत घेणारा माणूस घरी किंमत सांगताना आधी खोकत असे. नवा हेडफोन बाजारात जाण्याआधी त्यात कुठे काय खोटं वाजतंय ते शोधून काढणं, हे कानसेनाचं काम.

त्याच्या खोलीला जाड पडदे होते, खिडकी नव्हती, आणि मधोमध खांबावर रबरी कानांचं एक डोकं बसवलेलं होतं. त्या कानांच्या आत मायक्रोफोन. हेडफोन आधी या डोक्याला घालायचा, म्हणजे समोरच्या स्क्रीनवर आवाजाचा आलेख उमटे. डोक्याला सगळे मामा म्हणत, कारण ते सगळं ऐकून घेई आणि कुणाच्या भांडणात पडत नसे. मामांचं झालं की कानसेन. तो गाण्याचा एक छोटासा तुकडा लावी, डोळे मिटी, तोच तुकडा पुन्हा लावी आणि म्हणे, "वरचे स्वर टोचतायत." आलेखात बघावं तर तिथेच एक टोक वर आलेलं असे. असल्या नोकरीत आयुष्य गेल्यामुळे त्याला शेकडो गाण्यांचे तुकडे पाठ होते. अख्खं गाणं त्याने शेवटचं कधी ऐकलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं आणि कुणी विचारतही नव्हतं.

कारखान्यात कानांच्या दोन जाती मानत. कच्चा आणि पिकलेला. हेडफोन लोकांना आवडेल का, हे कळायला कच्चे कान लागत. ते पॅकिंगमधून, हिशेबखात्यातून, कँटीनमधून उसने आणत. पण तेच माणूस फार वेळा बसवलं, की ते "छान आहे" म्हणायचं सोडून "मधला भाग थोडा पुढे येतोय" असं म्हणायला लागे. म्हणजे कान पिकला. मग त्याला आवडीच्या चाचणीतून काढून चुकांच्या चाचणीत टाकत. पिकलेला कान परत कच्चा झाल्याचं उदाहरण नव्हतं. हा नियम कानसेनानेच घालून दिला होता, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

त्याची बायको शिवणकाम करायची. मशीन खिडकीपाशी, मशीनशेजारी रेडिओ, आणि रेडिओसोबत गाणारी ती. सूर तिला वर्ज्य होता, ताल मात्र पक्का. कानसेन घरात असला की म्हणे, "अगं, त्या रेडिओचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो." ती म्हणे, "मग तुम्ही डब्याच्या बाहेर जाऊन बसा ना." असा एकूण सुखाचा संसार होता.

मग गिऱ्हाइकांनी सांगितलेली मापं ती चुकीची ऐकू लागली. एकीचा झगा तिच्या मुलीला बसला. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवून दोन्ही कान तपासले आणि कानसेनाला आत बोलावलं. त्या चांगल्या होत्या, म्हणजे आडपडदा न ठेवणाऱ्या होत्या.

"दोन्ही कान जाणार आहेत," त्या म्हणाल्या. "वरचे स्वर आधी जातील. मग बाकीचे. कदाचित हळूहळू, कदाचित एक दिवस नळ बंद केल्यासारखे."

"इलाज?"

"पुढे यंत्र बसवता येईल. बोलणं समजेल. गाण्याचं मात्र माझ्याकडे मागू नका."

बायकोने रिक्षात एवढंच विचारलं, "काय म्हणाल्या हो?" आणि त्याने सगळं सांगितलं. खरं सांगण्यापलीकडे त्याला काही येतच नव्हतं. ती म्हणाली, "तोवर गाणी ऐकून घेते. पोटभर."

ही एवढीच तिची मागणी. आणि जगात इतक्या लोकांचे नवरे असताना ती नेमकी याच्याकडे यावी, यात कानसेनाला दैवाचा काहीतरी हिशेब दिसला. हे तर माझं कामच, असं त्याला वाटलं.

कारखान्यातला सगळ्यात वरचा हेडफोन त्याने घरी आणला. डॉक्टरीणबाईंच्या तपासणीत जिथे जिथे तिचा कान कमी पडत होता, तिथे तिथे त्याने आवाज तेवढाच वाढवून दिला. मामांच्या डोक्यावर चढवून दहादा खात्री केली. असा बिनचूक हेडफोन त्या कारखान्यातून कधी बाहेर पडला नव्हता. मग तिचं सगळ्यात लाडकं गाणं लावलं आणि तो समोर स्टुलावर बसला, परीक्षेच्या निकालाला बसावं तसा.

तिने ऐकलं. डोळे मोठे झाले. "अगंबाई, मागे कुणीतरी खुर्ची सरकवली!"

"सरकवली ना? ती कुणालाच ऐकू येत नाही!"

"आणि पेटीवाल्याला सर्दी झालीये."

"बरोबर!" कानसेन उभाच राहिला. "आणि गाणं?"

"ते पण होतं की," ती म्हणाली.

तो खाली बसला.

त्यानंतर त्याने जे केलं ते शंभरातल्या नव्याण्णव नवऱ्यांनी केलं नसतं, कारण नव्याण्णव नवऱ्यांना ते येतच नाही. बिनचूक आवाज तिला नको असेल, तर तिला नेमकं काय हवंय ते शोधून तसा आवाज बनवायचा, असं त्याने ठरवलं. आणि शोधायची पद्धत त्याला एकच माहीत होती. रोज संध्याकाळी तो तिला हेडफोन घाली, गाण्याचा तुकडा लावी, मग कुठेतरी केसभर बदल करून तोच तुकडा परत लावी, आणि विचारी, "पहिला की दुसरा?"

"दोन्ही सारखेच."

"नीट ऐक. पहिला की दुसरा?"

"दुसरा... बहुतेक."

"बहुतेक नको."

बायकोचा धाकटा भाऊ टेम्पो चालवायचा. एकदा तो बहिणीला बघायला आला आणि दारातच थांबून हा प्रकार बघत राहिला. "भावोजी," तो म्हणाला, "तुम्ही ताईचे कान तपासताय की चष्म्याचा नंबर काढताय?"

"तू गप रे," ताई म्हणाली. "मला कळायला लागलंय आता."

आणि खरंच कळायला लागलं होतं. आधी ती चाचपडे, मग पटकन सांगू लागली, मग तो तुकडा संपायच्या आत. एका संध्याकाळी तर त्याने मुद्दाम काहीच बदललं नाही, तेव्हा ती हसून म्हणाली, "फसवता होय? काही केलं नाहीत तुम्ही." कानसेनाला भरून आलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्याला बायकोशी बोलायला असा विषय कधी मिळाला नव्हता. दोघं जेवताना गायिकेच्या 'स'मधल्या सळसळीवर बोलत. वरचे स्वर जायला लागले असतानासुद्धा उरल्यासुरल्या कानाने बायको ती सळसळ पकडी.

दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्यात हे फुशारकीने सांगितलं. ऐकणारी होती आलेख काढणारी बाई; ती कामाला लागली तेव्हापासून दोघं त्याच खोलीत बसत. तिने मामांच्या कानातली धूळ पुसता पुसता ऐकून घेतलं.

"काही न बदललेलंही ओळखलं?" तिने विचारलं.

"ओळखलं!"

"म्हणजे पिकला," ती म्हणाली आणि दुसरा कान पुसायला घेतला.

कानसेन हसला. मग हसू तोंडावर तसंच राहिलं आणि बाकीचा चेहरा त्याच्या खालून निघून गेला.

तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आला. मशीन चालू होती. रेडिओ बंद.

"लावला नाहीस?"

"नको हो. त्या रेडिओचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो," ती दोरा ओवत म्हणाली. "इतकी वर्षं मला कसा चालला कोण जाणे."

हे त्याचंच वाक्य होतं. एकही शब्द कमीजास्त नाही.

"हेडफोनवर ऐक मग. ते तुझं गाणं."

"ऐकलं सकाळी." तिने सुई थांबवली. "दुसऱ्या कडव्याच्या आधी ती श्वास घेते ना, तो येणार म्हणून मी वाट बघत बसते. तो आला की आला, असं होतं. मग पुढचं कडवं कधी संपलं ते समजतच नाही." आणि मग, फळ्यापुढे उभ्या केलेल्या मुलीसारखी, "माझं काही चुकतंय का?"

"नाही गं," कानसेन म्हणाला. "सगळं बरोबर येतंय तुझं."

आता त्याने उलटा उद्योग सुरू केला. माणूस घाबरला की काय काय करतो, ते बघण्यासारखं असतं, अर्थात बघणाऱ्याला. त्याने फुटपाथवरून रद्दीतला हेडफोन आणला, ज्याचा एक कान मेलेला होता. तिने तो घालून कुठला कान मेलाय आणि दुसरा कधी मरेल, दोन्ही सांगितलं. त्याने रेडिओला उशी बांधली. त्याने तिला गाण्याच्या वेळी वाटाणे सोलायला बसवलं, म्हणजे लक्ष उडेल; पण ती वाटाणे सोलायचं थांबून म्हणे, "आत्ता खुर्ची सरकेल." शेवटी तो हात जोडून म्हणाला, "चुका शोधू नकोस. फक्त ऐक."

"बरं, नाही शोधत," ती म्हणाली, आणि डोळे घट्ट मिटून, कपाळाला आठ्या घालून न शोधायला लागली. तो चेहरा बघवेना म्हणून कानसेन गच्चीत गेला आणि कपडे वाळलेत की नाही ते बघत उभा राहिला. वाळत घातलेले कपडे नव्हतेच.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं. वरचे स्वर आणखी उतरले होते. "'स' आणि 'श' आता जवळजवळ गेले," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलताना समोर बसून बोला."

कानसेनाने मान हलवली, आणि त्याच क्षणी त्याच्या मनात एक गोष्ट आली, जी त्याने कुणालाच सांगितली नसती. 'स' गेला म्हणजे सळसळ गेली. आणखी थोडं खाली गेलं की श्वास जाईल. मग खुर्ची. पेटीवाल्याची सर्दी. त्याने तिला शिकवलेल्या सगळ्या चुका वरच्या बाजूला राहत होत्या, आणि आजार वरून खाली येत होता. एक एक चूक पुसत. चुका संपल्या आणि गाणं अजून उरलंय, असा मध्ये काही काळ आला तर? महिनाभर. आठवडाभर. एक दुपार तरी. जे त्याला उलटं करता येत नव्हतं, ते आजार करून देईल. घरी परतताना त्याच्या ध्यानात आलं, की आपण बायकोच्या बहिरेपणाला घाई करतोय. मनातल्या मनात त्याला विनवतोय, लवकर ये, पण एवढं कर, अमुक ठिकाणी आल्यावर जरा थांब.

त्याने तिला काही विचारायचं सोडून दिलं. विचारलं की ती शोधणार. हेडफोन मशीनच्या कोपऱ्यावर ठेवून दिला आणि त्याकडे न बघण्याचा सराव केला. जेवताना तो भाजीवर बोले. तिला अर्धं ऐकू येई, अर्धं ती त्याच्या ओठांवरून घेई.

मग एका सुट्टीच्या दुपारी, तो समोर पेपर धरून बसला असताना, तिने आपण होऊन हेडफोन घातला आणि ते गाणं लावलं. हे हेडफोन बाहेरच्या बाजूने जाळीचे असतात. घालणाऱ्याला जे वाजतं त्यातलं थोडं जवळ बसलेल्यालाही ऐकू येतं. कानसेनाला बारीक आवाजात सुरुवात ऐकू आली. त्याने पेपर खाली केला नाही. फक्त डोळे वर केले.

तिचे डोळे मिटलेले होते. कपाळावर आठी नव्हती. ओठांच्या कडेला हसू होतं, ते रेडिओच्या काळातलं. दुसरं कडवं आलं. जाळीतून गायिकेचा श्वास कानसेनाला स्पष्ट ऐकू आला, आणि बायकोच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नाही. थांबला, त्याला वाटलं. आजार बरोबर जागेवर येऊन थांबला.

तिची बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरत होती.

तो ताल त्याने आधी नुसता बघितला. मग त्याच्या कानाने, त्याला न विचारता, आपलं काम केलं. बोटं मागे पडत होती. थोडी नाही, चांगली मागे. मग पुढे गेली, मग दुसऱ्याच कुठल्या गाण्यावर असल्यासारखी चालू राहिली. तालात ती आयुष्यात कधी चुकली नव्हती. जाळीतून शेवटची ओळ आली, पेटी थांबली, गाणं संपलं. खोलीत काहीही वाजत नव्हतं. बोटं चालूच होती, हसू तसंच होतं.

तिने हळूच एक डोळा उघडून तो बघतोय का ते पाहिलं. तो बघत होता.

"छान वाजतंय हो!" ती म्हणाली, नको इतक्या मोठ्याने. "आज कुठ्ठेच काही टोचत नाहीये. जमलं तुम्हाला!"

त्याला बोलायचं होतं, पण बोलला असता तर तिला त्याचे ओठ वाचावे लागले असते, आणि ओठ त्याच्या ताब्यात नव्हते. त्याने तिला दिसेल अशी मान डोलावली. मग पेपर बाजूला टाकून खुर्ची तिच्या खुर्चीला लावली, तिच्या बोटांकडे बघितलं आणि गुडघ्यावर तोच ताल धरायला लागला. ज्याला कुठलंच गाणं नव्हतं, असा तो ताल होता. त्याचा हात एकदा पुढे गेला, एकदा मागे पडला.

तिने भुवया उंचावून त्याच्या हाताकडे बघितलं आणि खूण केली. सावकाश.