कुंड्यांची सहा भोकं

पहिलं बुजलेलं भोक शकुबाईला मंगळवारी दुपारी दिसलं.

सेनगावजवळच्या गोरेगावात, घरामागच्या पत्र्याच्या छपरीत, फळीवर तीन कुंड्या पालथ्या वाळत होत्या. पसरट, चौकोनी, चार बुटक्या पायांच्या. बोन्सायच्या कुंड्या, म्हणजे हातभर उंचीतच म्हातारी होणारी झाडं ज्यात लावतात त्या. माती तुडवायचं आणि भट्टी लावायचं काम शकुबाईच्या नवऱ्याचं, सोनाजीचं. कुंडी हातानं घडवायची ती शकुबाईनं. बाहेरून काचेचा लेप द्यायचा तो तिच्या भावाच्या मुलीनं, पुनमनं. पुनम सेनगावला राहायची आणि लेप द्यायच्या दिवशी जीपनं यायची. या खेपेला ती शुक्रवारी येणार होती.

प्रत्येक कुंडीच्या जाड तळाला दोन भोकं होती, बोट जाईल एवढी. शकुबाईला ती पाडायला आधी जडच गेलं होतं. चाळीस वर्षं तिनं माठ आणि रांजण थापले. भांडं वाळायला ठेवलं की त्यावरून अंगठा फिरवायचा, टाचणीएवढं छिद्र लागलं तरी ओल्या मातीनं बुजवायचं. पुनमला फ्रॉकात असताना हाच पहिला धडा तिनं दिला होता. मग एकदा तांड्यावरचे हिरासिंग गुरुजी आपलं उंबराचं बोन्साय मांडीवर घेऊन आले. "एवढ्याशा कुंडीत पाणी साचलं, तर मुळ्या कुजतात," त्यांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. "पाण्याला जायला वाट ठेवायची, शकुबाई." तेव्हापासून ती नळीनं भोकं पाडू लागली. पाडताना अजूनही तिचा हात किंचित अडायचा.

मंगळवारी जेवण करून ती छपरीतच आडवी झाली होती. उठून पाहिलं तर पहिल्या कुंडीचं एक भोक मातीनं भरलेलं. माती त्यांचीच, राख मिसळलेली, अजून ओलसर.

शकुबाईनं इकडेतिकडे पाहिलं. सोनाजी बाजारात गेला होता. घरात दुसरं कोणी नव्हतं. तिनं घाईघाईनं काडी खुपसली, माती खाली पाडली, न बघताच पदरानं झटकून टाकली.

तिला आई आठवली होती.

पुसेगावला तिच्या आईनं शेवटच्या दोन वर्षांत घरातली भोकं बुजवली. आधी उंदराची बिळं, तेव्हा सगळ्यांना बरंच वाटलं. मग पेटीच्या कुलपाचं भोक, मग नळाची तोटी, चुलीचं तोंड. विचारलं की म्हणायची, म्या न्हाई केलं. खोटं बोलत नव्हती, तिला खरंच आठवत नव्हतं. एका सकाळी तिनं स्वतःच्या कानात माती भरली. शकुबाई ती काढत होती तेव्हा आईनं तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाई, तू कोणाची?"

बुधवारी तीन भोकं बुजलेली निघाली. या वेळी काडी खुपसायचा तिला धीर झाला नाही.

संध्याकाळी भाकरी वाढताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "अवं, तुमी कुंड्यायला हात लावला का?"

"म्या कशाला लावू? मागं एकदा लावला तं दोन दिवस बोलत होतीस."

"तसं न्हाई. इचारलं आपलं."

"काहून? तडकली का एखादी?"

"न्हाई. समदं बराबर हाय."

सोनाजी जेवत राहिला. शकुबाई आपल्या अंगठ्याकडे पाहत होती. लहानपणी भट्टीत भाजल्याचा आडवा वण त्यावर होता. हा अंगठा आपण झोपेत असताना उठतो की काय, असं तिला वाटलं आणि तिनं तो मुठीत धरला.

गुरुवारी दुपारी तिनं अंगठ्याला पांढरी चिंधी घट्ट बांधली. आपण काही केलं तर चिंधीला माती लागेल, नाही केलं तर ती कोरी राहील, असा तिचा हिशोब. जागं राहायचं ठरवून ती कुंड्यांसमोर बसली. मनातल्या मनात नावं म्हणत बसली: नवरा सोनाजी, भाऊ किसन, भाची पुनम. सगळी आठवत होती. पत्रा तापला होता, कुठूनतरी बारीक गुणगुण ऐकू येत होती. डोळा कधी लागला ते कळलं नाही.

जागी झाली तेव्हा सहाही भोकं बंद होती. आणि चिंधीला माती होती.

शेजारीच मातीचा गोळा होता. झोपेत हात त्याला लागला असेल. असेलही. तिनं चिंधी सोडली आणि चुलीत टाकली.

शुक्रवारी पुनम आली ती दारातल्या सोनाजीशी बोलतच आली. "मामा, जीपवाल्यानं मला टपावर बसवायचं बाकी ठेवलं होतं. लेपाचा डबा मांडीवर, आन् डब्यावर कोणाची तरी कोंबडी." तिनं डबा ठेवला, कुंड्यांपाशी वाकली आणि थांबली.

"आत्या, भोकं कुठंयत?"

शकुबाई मागं सरकली. पुनमनं वर पाहिलं तर आत्यानं अंगठा मुठीत आवळून धरला होता.

"काय झालं गं?"

"म्या बुजवले असतील," शकुबाई म्हणाली. "मला आठवत न्हाई, पुनम. आईसारखं व्हऊन राहिलं मला. तुझ्या आजीसारखं."

सोनाजी दारातून आत आला आणि तिथंच उभा राहिला. पुनमला आजी अंधुक आठवत होती, कानातली माती मात्र स्वच्छ आठवत होती. लेपाच्या डब्यातून तिनं बारीक सुरी काढली आणि पहिल्या भोकात टोचली.

वरचं पापुद्र्यासारखं झाकण फुटलं. कुंडी उचलून हलकेच ठोकल्यावर आतून खाली पडले ते कोळी. सात-आठ बारके कोळी, पाय आखडलेले, एकाचा पाय अजून हलत होता. त्यांच्यामध्ये तांदळाएवढी पांढरी अळी.

"कुंभारमाशी," पुनम म्हणाली. "आत्या, माशी हाय ही. कोळी भरते, अंडं घालते आन् वरून लिंपते. तुमच्या गोळ्यातलीच माती उचलून राहिली."

सोनाजीनं सुटकेचा श्वास टाकला आणि खो खो हसला. "अगं, तुला आयती जोडीदारीण भेटली. तीन दिवस फुकट राबली अन् तू रडत बसलीस."

शकुबाई जवळ सरकली. दुसऱ्या भोकातून कोळी निघाले. तिसऱ्यातून, चौथ्यातून. तिला ती गुणगुण आठवली आणि पाठीवरून मोठं ओझं कोणीतरी हळूहळू उतरवत असल्यासारखं वाटलं. पाचव्यातही कोळी. "चहा ठेवतो," म्हणून सोनाजी हसतच घरात गेला.

सहाव्या भोकात सुरी शिरेना. बुधवारी, चिंधी बांधायच्या आधी, बुजलेल्या तिनातलं हे एक.

पुनमनं जोर दिला. सुरी घसरली. आत पोकळ नव्हतं, माती तळापर्यंत ठासून भरलेली होती. वरचा भाग गुळगुळीत होता, चांगल्या कारागिरानं दाबून सपाट करावा तसा. त्यावर अंगठ्याच्या बारीक रेषा उमटल्या होत्या आणि रेषांना कापत जाणारी एक आडवी खूण.

दोघी त्या खुणेकडे पाहत राहिल्या. घरातून सोनाजीनं साखर कुठं ठेवली ते विचारलं.

"डाव्या हाताच्या फडताळात," शकुबाईनं सांगितलं. आवाज नेहमीसारखा निघाला, याचं तिलाच नवल वाटलं.

पुनमनं माती ओली केली, भोक हळूहळू कोरून मोकळं केलं. मग कोपऱ्यातल्या खराट्याच्या सहा काड्या मोडून आणल्या आणि प्रत्येक भोकात एकेक उभी रोवली.

"हात फिरला तं आधी काडी लागल," ती म्हणाली. "काडी लागली की थांबायचं. लेपाचं आज राहू दे. मी आठवडाभर हितंच राहते."

शकुबाईनं मान हलवली. अंगठा कुंडीवर ठेवला आणि सावकाश फिरवला, पुनमला शिकवताना फिरवायची तसा. काडी टोचली. ती थांबली.

"उद्या दुपारी यातली एक जरी काडी काढलेली दिसली," ती हळूच म्हणाली, "तं मला सांगजो. लपवू नको. आईला आमी सांगितलं न्हाई, वाईट वाटंल म्हणून."

"सांगीन."

"आन् मामाला?"

पुनमनं घराच्या दाराकडे पाहिलं. आत कपबश्या वाजत होत्या.

"तू सांगशील तवा," ती म्हणाली.

सोनाजी चहा घेऊन आला. काड्या रोवलेल्या कुंड्या पाहून म्हणाला, "हे काय, माशीला कुंपण?"

"व्हय," शकुबाई म्हणाली आणि डाव्या हातानं कप घेतला. उजवा अंगठा तिनं मुठीत धरून ठेवला होता.