एप्रिल ते ऑक्टोबर

मला सोडून जाणार असल्याचं माझ्या नवऱ्याने, एकार्टने, एक नोव्हेंबरला सांगितलं. सर्व संतांचा दिवस होता. त्याच्या आईच्या थडग्यावर दिवा ठेवून आम्ही घरी आलो आणि कोट काढता काढता त्याने सांगून टाकलं. लिंडाऊला सिग्रून नावाची एक बाई आहे, तिच्याकडे राहायला जायचंय. मी विचारलं, कधी? तर म्हणाला, एप्रिलमध्ये.

मला वाटलं, ऐन हिवाळ्यात मला एकटीला टाकून जायला त्याचा जीव होत नसेल. कसलं काय! त्याची लाल स्पोर्ट्स कार आदल्याच दिवशी गॅरेजात झाकून ठेवली होती. तिच्या नंबरप्लेटच्या कडेला चार आणि दहा असे बारीक आकडे आहेत, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर. बाकीचे महिने ती गाडी रस्त्यावर चालवायची नाही, नुसती उभीसुद्धा करायची नाही. त्यात कर वाचतो, विमा वाचतो आणि रस्त्यावरच्या मिठापासून पत्रा वाचतो. आमच्या वांगेन गावात असे शहाणे गल्लोगल्ली आहेत. पण प्लेट बघून बायको सोडणारा माझ्या पाहण्यात हा एकटाच.

"आगगाडीने जा की," मी म्हटलं. "आज संध्याकाळीच पोचशील."

"आगगाडीने?" मी जणू त्याला डोक्यावर बोचकं घेऊन चालत जायला सांगितलं होतं. "तिने मला त्या गाडीतच पाहिलंय, रोस्विता!"

ते खरंच असणार. गाडीतून उतरलेल्या एकार्टच्या कोण प्रेमात पडेल?

तर हा माणूस सगळा हिवाळा पाहुण्यांच्या खोलीत राहिला. माझ्या हातचे मसूर आणि घरच्या शेवया खाल्ल्या, दुसऱ्यांदा वाढून घेतल्या आणि रात्री दार लावून लिंडाऊला फोनवर हसत बसला. मी का वाढत राहिले? कारण मी मूर्ख होते. रोज सकाळी तो कॉफीचा कप हातात घ्यायचा तेव्हा मला वाटायचं, आज म्हणेल, राहतो मी इथेच. तेवढं एक वाक्य तो बोलला असता तर बाकीचं सगळं मी गिळलं असतं.

एक एप्रिल उजाडला. एकार्टने गुळगुळीत दाढी केली, बोटांवर भोकं असलेले चामड्याचे हातमोजे चढवले, सुटकेस दारात आणून ठेवली. गाडीवरची चादर त्याने अशी हळुवार काढली की माझ्याकडे कधी कुणी इतक्या हळुवारपणे पाहिलंही नसेल. मग आत बसून किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. आतला दिवासुद्धा लागला नाही.

"तू चार्जर लावला नाहीस?" तो आतूनच ओरडला.

"कसला चार्जर?"

"बॅटरीचा! दर नोव्हेंबरला तू लावतेस!"

"या नोव्हेंबरला तू मला सोडलंस ना, एकार्ट."

"त्याचा इथे काय संबंध?"

आणि हे त्याने अगदी मनापासून विचारलं. त्याला खरंच संबंध दिसत नव्हता.

पुढची गंमत ऐका. या गाडीचं इंजिन मागे आणि बॅटरी पुढे, झाकणाखाली. झाकण बटण दाबून विजेवर उघडतं. वीज कुठे? बॅटरीत. आणि जोडायच्या केबल, माहितीचं पुस्तक, चार्जर, सगळं एकार्टने नीट सांभाळून त्याच झाकणाखाली ठेवलेलं. तो झाकणाच्या फटीत नखं घालून बघायला लागला, तेव्हा मी तोंड फिरवून हसून घेतलं.

आवाज ऐकून शेजारचे माउखर सपाता फटफटवत आले. त्यांचीही तशीच एक रुपेरी गाडी आहे, तीही चार ते दहावाली. दोघे कमरेवर हात ठेवून झाकणाकडे बघत उभे राहिले.

"मग रोस्विताबाई, पहिलाच फेरफटका कुठे?" माउखरांनी विचारलं.

"मी नाही जात. हाच चाललाय. एका बाईकडे राहायला, कायमचा."

माउखर जरा विचारात पडले. मग एकार्टकडे वळून म्हणाले, "हायवेने जाऊ नका बरं का. काम चालू आहे, खडी उडते. रंगाची वाट लागेल."

एकार्टने गॅरेजवाल्यांना फोन लावला. पण एक एप्रिलला आख्ख्या जिल्ह्यातले असे वीर एकदमच जागे होतात. दुपारनंतर कुणी आलं तर येईल, असं उत्तर मिळालं. सिग्रून जेवायला थांबली होती. एकार्टच्या कपाळावर घाम आला.

मला उपाय माहीत होता. मागे एकदा असंच झालं होतं. तेव्हा हे महाशय घरात फोनवर बसले होते आणि मेकॅनिकला विजेरी धरून गॅरेजात मी उभी होते. मी माझी जुनी करडी गाडी आणली. बिचारी सगळा हिवाळा बर्फात बाहेर उभी होती, पण किल्लीसरशी सुरू झाली. तिच्यातल्या केबल काढून एक टोक तिच्याच बॅटरीला जोडलं. त्याच्या गाडीत डाव्या पायाशी फ्यूजची पेटी आहे, त्यातली पट्टी बाहेर ओढून तिला लाल चिमटा लावला आणि काळा दाराच्या कडीला. लगेच चोराचा भोंगा कोकलायला लागला. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. एकार्ट घाबरून किल्लीवरची बटणं दाबत सुटला. भोंगा थांबला आणि झाकण खट्‌कन उघडलं.

मग चिमटे बॅटरीला लावले आणि त्याला म्हटलं, किल्ली मार आता. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं.

"शाब्बास माझी राणी!" एकार्टने स्टिअरिंग थोपटलं. माझे हात काळे झाले होते, मी एप्रनला पुसले.

थोडा वेळ तो कान देऊन इंजिन ऐकत राहिला. हळूहळू त्याचा चेहरा उतरला.

"रोस्विता, बॅटरी गेलेली दिसतेय गं. एकदा बंद केली तर परत लागायची नाही. तिच्या दारात बंद पडली तर कसं दिसेल? तिचे शेजारी-पाजारी..." मग खिडकीतून माझ्याकडे बघत, अगदी लाडात येऊन म्हणाला, "मी राहू का इथेच? नवी बॅटरी येईपर्यंत. मग पुढचं पुढे बघू. कदाचित नाही जाणार मी."

माउखर खाली स्वतःच्या सपातांकडे बघू लागले.

आले ते शब्द. सगळा हिवाळा मी ज्यांची वाट पाहिली होती ते हेच. स्वयंपाकघरात सवयीने दोघांपुरते मसूर भिजत घातलेले होते. नुसती मान हलवली असती तरी तो दुपारी टेबलावर येऊन बसला असता. 'राहा' म्हणणारच होते मी, खोटं कशाला बोलू. पण मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला माझी आठवण आली नव्हती, त्याला फक्त लोक हसतील याची भीती वाटत होती. आणि या माणसासाठी मी रोज सकाळी कॉफी गाळताना जीव मुठीत धरून उभी राहत होते! मला त्याची नाही, माझीच किळस आली.

मी आधी काळा चिमटा काढला, मग लाल. झाकण दोन्ही हातांनी दाबून बंद केलं. सुटकेस उचलून त्याच्या शेजारच्या सीटवर टाकली.

"नाही, एकार्ट. नीघ."

"अगं पण वाटेत बंद पडली तर?"

"तर सिग्रूनला ढकलायला सांग," मी म्हटलं. "इतकी वर्षं तुला मी ढकललं, आता तिला ढकलू दे."